चांगल्या आवाजाचं मशीन

माझ्या आईला राग आला की ती ओरडत नाही, शब्द सुटे करते. एकेक अक्षर ओठांवर नीट मांडून बोलते. पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं तिने ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवलं, तिथली ही सवय. गेल्या नोव्हेंबरात मला वारज्याला तिचा फोन आला. "न-म्र-ता. आ-ज-च. ये." कुणाचं तरी आज काही खरं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

मी शनिवार पेठेतल्या तिच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा टेबलावर शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मसुदा पडला होता. जुन्या शिक्षिका म्हणून तिच्याकडे तपासायला पाठवलेला. त्यातल्या एका वाक्याखाली तिने लाल पेनाने दोनदा रेघ ओढली होती, दुसऱ्यांदा कागद फाटेपर्यंत. 'त्या काळी शाळेत हातांच्या खुणांना बंदी होती व मुलांवर बोलण्याची सक्ती केली जाई.'

"सक्ती," आई म्हणाली. "वाशीम, यवतमाळहून लोक सहा-सहा वर्षांची पोरं आणून होस्टेलला सोडून जायचे. पोराला तहान लागली तर 'पाणी' म्हणता येत नव्हतं. मी एका अक्षरासाठी महिना-महिना त्यांचा हात माझ्या गळ्यावर ठेवून बसले. आणि ही कालची आलेली मुख्याध्यापिका मला सक्ती शिकवते?"

सक्तीबद्दल मला जे म्हणायचं होतं ते तिला झेपलं नसतं. आमच्या घरातही हात हलवून बोलायला बंदी होती. लहानपणी जेवताना 'एवढा मोठा कुत्रा' असं मी हातांनी दाखवलं, की माझ्या मनगटावर फटका बसायचा. "देवाने तोंड दिलंय ना? हात खाली." आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि ऑफिसात बोलताना माझे हात अजूनही टेबलाखाली असतात. एक वरिष्ठ मला एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही दूरदर्शनच्या बातम्या दिल्यासारखं बोलता." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन आईवर दिवसभर चिडत राहिले.

तर आईने ठरवलं की पुरावा दाखवायचा. तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात चौदा व्हिडिओ कॅसेटी होत्या. एक्याण्णव ते त्र्याण्णव सालात कुणा देणगीदाराने दिलेल्या कॅमेऱ्यावर शाळेने तिच्या वर्गाचं चित्रण केलं होतं. पुढे शाळेने अडगळीची खोली रिकामी केली तेव्हा त्या कॅसेटी भंगारात निघाल्या, आणि आई त्या रिक्षात घालून घरी घेऊन आली. आमचा व्हीसीआर चालू होता तोवर दर गणपतीत ती त्यातली एक लावायचीच. आलेल्या पाहुण्यांना आरतीनंतर प्रसाद मिळायचा आणि 'माझी मुलं बघा कशी बोलतात' हेही मिळायचं. तो व्हीसीआर बिघडल्यावर दिवाळीच्या साफसफाईत मी भंगारवाल्याला दिला. चौदा वर्षं झाली, अजून टोमणे चालू आहेत.

अठ्ठावीस डिसेंबरला शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. आईने भांडून त्यात दहा मिनिटं मिळवली. दहा मिनिटं पडद्यावर तिची मुलं बोलताना दिसतील, आणि स्मरणिकेतलं ते वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांना ते सगळ्यांसमोर गिळावं लागेल, असा तिचा बेत. एक कॅसेट तिने रस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर घ्यायला दिली. त्यांच्या मशीनने ती चावून परत दिली. "आता मशीन आपलं घ्यायचं," आई म्हणाली. "आणि सुदर्शनला बोलव. त्याला यंत्रातलं कळतं."

सुदर्शन हा आईचा हुकमी एक्का. कॅसेटमध्ये तो दहा वर्षांचा आहे आणि छाती पुढे काढून म्हणतो, "माझे नाव सुदर्शन. मी वाशीमचा. मला आंबा आवडतो." शाळेत कुणी पाहुणे आले की आई त्यालाच उभं करायची. आता तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, भोसरीत लेथवर काम करतो, आणि तोंडाने एकच शब्द बोलतो, 'बाई', तोही आईला बघितल्यावरच. बाकी सगळं हातांनी, नाहीतर फोनवर टाईप करून. आईला हे माहीत होतं. पण "लाजतो तो" असं म्हणून तिने ते प्रकरण कधीच मिटवून टाकलं होतं.

बुधवार पेठेत पियुष नावाच्या एका पोराचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. त्याच्याकडे दोन व्हीसीआर होते.

"काकू, हा घ्या. फोर हेड, हायफाय, एकदम मिंट कंडिशन. दुबईचा पीस आहे."

"दुबईचा पीस तीस वर्षं इथे काय करतोय? हवापालट?" आई म्हणाली. "लावा."

दुसऱ्या व्हीसीआरची मोटर फिरेना, म्हणून याच्यातच आमची कॅसेट टाकली. पियुषने तो एका डबीतून लॅपटॉपला जोडला होता. सुदर्शनने व्हीसीआरच्या पाठीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. आतला रबरी पट्टा घसरतोय का हे तो हाताला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखतो. तेवढ्यात दुकानभर आवाज घुमला, "माझे नाव सुदर्शन." खणखणीत, स्वच्छ. आईचा चेहरा मी इतका खुललेला कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

सुदर्शनने डोळे उघडले, पडदा बघितला आणि मान हलवली. चित्राच्या अगदी खालच्या कडेला, बोटभर रुंदीत, पांढऱ्या चिंध्या फडफडत होत्या. तिथे त्याने नखाने टकटक केलं आणि फोनवर लिहून आम्हाला दाखवलं: 'खालची कड खराब. हे मशीन नको.'

"ते हेडचं असतं, जुन्या टेपला येतंच," पियुष म्हणाला. "आणि पूर्वीचा टीव्ही चारी कडा झाकायचा ना, म्हणून तुम्हाला ते कधी दिसलं नाही. लॅपटॉपवर पूर्ण फ्रेम दिसते. टेन्शन नॉट, खालची कड मी कापून देतो. सगळ्यांचीच कापतो."

"कडेला काय सोनं लागलंय?" आई सुदर्शनकडे वळली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "आ-वा-ज ऐक. किती स्वच्छ आहे."

पियुषने खाली बघितलं. एका बहिऱ्या माणसाला माझी आई भर दुकानात आवाज ऐकायला सांगत होती, आणि यात काही चुकलं असं तिला वाटतही नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे तिला खडसवायला हवं होतं. मी काय केलं? मुकाट्याने पर्समधून कार्ड काढलं आणि चांगल्या आवाजाचं ते मशीन विकत घेतलं.

पुढच्या रविवारी सुदर्शन न बोलावता आला. त्याच्या खांद्यावरच्या पोत्यात दुसरा व्हीसीआर होता. जुन्या बाजारातून उचललेला, झाकण नसलेला, बटणांच्या जागी भोकं. त्याने तो खोलून साफ केला होता आणि नवा रबरी पट्टा बसवला होता. आईने भुवया उंचावल्या. त्याने तो जोडला, कॅसेट घातली, आणि आवाज आला तो रजईत तोंड घालून बोलल्यासारखा.

"याला आवाज म्हणायचं?" आई कडाडली. "'प' आणि 'ब' मधला फरक तरी कळतोय का?"

सुदर्शनने लिहिलं: 'मला आवाज नको. मला विक्रम पाहिजे.'

विक्रम कोण ते आईला लगेच आठवलं. "तो उंडगा. सातवीत शाळा सोडली. सगळ्या वर्गात एकटा असा, की ज्याने एक शब्द शिकून घेतला नाही." सुदर्शनने ओठ वाचले असावेत, कारण त्याने पुढचं फार जोरात टाईप केलं: 'होस्टेलमध्ये माझ्या शेजारी झोपायचा. आमच्या सगळ्या खुणा त्याने बनवल्या. दीडशे असतील. एकोणीस वर्षांचा असताना अपघातात गेला. आता आम्हाला अर्ध्याही आठवत नाहीत. या कॅसेटमध्ये तो आहे.'

मी लॅपटॉप पुढे ओढला. वर्गात नऊ मुलं खुर्च्यांवर अर्धवर्तुळात बसली होती. सगळ्यांना बाईंचे ओठ दिसावेत म्हणून तिथे असंच बसवतात. डावीकडे शेवटी विक्रम, तोंड घट्ट मिटलेला. त्याच्या शेजारी सुदर्शन. मध्ये आई, चाळिशीची, हिरव्या साडीत. हे सगळं मी लहानपणापासून पाठ केलेलं होतं. पण आता चित्राची खालची कड स्वच्छ होती, आणि त्या बोटभर जागेत मुलांच्या मांड्या दिसत होत्या. मांड्यांवर हात होते, आणि ते हात बोलत होते.

वर आठ तोंडं "पा-णी" म्हणत होती. खाली बोटं वळत होती, उघडत होती, शेजाऱ्याच्या गुडघ्याला शिवून पुन्हा आपल्या मांडीवर येत होती. विक्रमची बोटं तर एक क्षण थांबत नव्हती. सुदर्शन मोठ्यांदा हसला, घशातून, फुटलेल्या आवाजात. या हसण्याबद्दल आई त्याला वर्गात नेहमी टोकायची. त्याने खिशातून वही काढली आणि एकेका खुणेचं चित्र काढायला लागला.

"माझ्या वर्गात? माझ्या वर्गात हे चाललं होतं?" आई म्हणाली. तेहेतीस वर्षांनी ती त्या पोरांवर भडकली होती, आणि तो भडका खरा होता.

"काय म्हणतायत ते?" मी विचारलं.

'आज जेवणात परत वांगं,' त्याने लिहिलं. 'विक्रम म्हणतो बाईंची नवी साडी पोपटासारखी.' आईने पदर सावरला, जणू तीच साडी अंगावर होती.

एक खूण मात्र सारखी येत होती. डाव्या हाताची पाठ वर, आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्यावर सपकन पडायची. मी तिच्याकडे बोट दाखवलं. सुदर्शनने आधी आईकडे बघितलं. मग लिहिलं: 'ही बाई. बाईंचं नाव. आम्ही सगळे अजून हेच नाव वापरतो.'

"म्हणजे काय?" आई म्हणाली.

उत्तर कॅसेटनेच दिलं. निकिता नावाच्या मुलीचा 'पाणी' हा शब्द बरोबर आला. पडद्यावरची आई हसली, वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "शाब्बास! पुन्हा म्हण." त्याच वेळी खालच्या कडेत तिच्या हातातली लाकडी फूटपट्टी डावीकडे वळली आणि विक्रमच्या बोटांवर पडली. वर आईचं हसू तसंच होतं. विक्रमचं तोंडही तसंच, मिटलेलं. चांगल्या आवाजाच्या मशीनवर या जागी 'टक' असं ऐकू येतं. इतकी वर्षं मला वाटायचं की आई खुर्चीवर ताल धरते.

"मी मारत नव्हते," आई म्हणाली. "टेकवायचे फक्त. आठवण म्हणून."

सुदर्शनने कॅसेट मागे घेऊन पुन्हा तीच जागा दाखवली. मग तिसऱ्यांदा.

"बंद कर," आई म्हणाली. त्याची नजर पडद्यावर होती. "बं-द. क-र," तिने अक्षरं सुटी केली. कुणासाठी? तो बघतच नव्हता. त्याला थांबवायचं तर तिला हात हलवायला लागला असता, नाहीतर त्याच्या खांद्याला शिवायला. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती शिकवल्यासारखी सरळ बसली होती, आणि फूटपट्टी पडत होती.

मग मीच फुटले. "टेकवायचीस? माझ्या मनगटावरही टेकवायचीस का? मी तर बहिरी नव्हते, आई! मी साधं 'एवढा मोठा' म्हणायचे हातांनी! शाळेतून यायचीस आणि उरलेलं माझ्यावर काढायचीस!" बोलता बोलता माझा हात तिच्या तोंडासमोर गेला होता.

"हात खाली," आई म्हणाली.

हे तिने विचार करून म्हटलं नाही, तिच्या तोंडून ते आपोआप आलं. म्हणूनच मला त्याची अधिक चीड आली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

मी बाहेर आले तेव्हा सुदर्शन निघाला होता. कॅसेट, दोन्ही व्हीसीआर टेबलावर तसेच. माझ्या फोनवर त्याचा मेसेज होता: 'माझ्या वहीत अठ्ठावन्न खुणा आल्या. मेळाव्यात कोणतं मशीन वापरायचं ते बाईंनी ठरवावं.'

मी पियुषला फोन केला. "सोपंय," तो म्हणाला. "चित्र एका मशीनचं, आवाज दुसऱ्याचा, दोन्ही जोडू. ओठ जरा पुढेमागे होतील, कोण बघतंय? नाहीतर आवाजवाल्या मशीनची खालची कड कापा आणि मोकळे व्हा." मी हे आईला सांगितलं. तेव्हापासून दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की ही चांगल्या आवाजाचंच मशीन निवडणार. मी हिला ओळखते. आयुष्यभर हिने कडा कापल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "त्या पियुषला सांग, ओठ एक बोलतायत आणि आवाज दुसरंच, असलं मी माझ्या मुलांपुढे ठेवणार नाही. सुदर्शनचं मशीन घे. कड कापायची नाही."

"आई, त्यात आवाज नाही."

"आवाज कुणासाठी?" ती माझ्यावरच खेकसली आणि फोन ठेवला.

मेळाव्याला शाळेचं सभागृह भरलं होतं. पाहुण्यांची भाषणं झाली, शेजारी उभी राहून एक मुलगी ती खुणांनी सांगत होती. मग आईची दहा मिनिटं सुरू झाली. मी पुढच्या रांगेत बसून मागे वळून बघितलं. पडद्यावर वर आई चेहरा भरून 'पा-णी' म्हणत होती आणि सभागृहातला एकही माणूस तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या नजरा त्या बोटभर कडेवर. पोपटाचं आलं तेव्हा सगळे हसले. चाळिशीपुढचे लोक एकमेकांना ढोसत होते, विसरलेली खूण हाताने करून बघत होते. सुदर्शन वही पालथी ठेवून नुसता बघत होता.

मग फूटपट्टी पडली. हसणं थांबलं. एक हात वर झाला, मग दुसरा. डाव्या हाताच्या पाठीवर उजवी दोन बोटं. बघता बघता साठ-सत्तर लोक तेच करत होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. नव्या मुख्याध्यापिकेला काही कळलं नाही, तिने टाळ्या वाजवल्या.

आई व्यासपीठावर माईक धरून उभी होती. बोलण्यासाठी तिने चार पानं लिहून आणली होती, सक्तीच्या विरोधात. तिने माईक टेबलावर ठेवला. डावा हात पुढे केला, पाठ वर करून. उजव्या हाताची दोन बोटं तिने त्याच्यावर मारली, जोरात, इतक्या जोरात की पहिल्या रांगेत मला ऐकू आलं. पुन्हा एकदा मारली. मग एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली.

कुणी रडलं नाही, कुणी पाया पडायला धावलं नाही. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली आणि बाहेर निघून गेली. ती निकिता होती, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सुदर्शन मात्र उभा राहिला आणि आईकडे बघून त्याने हातांनी काहीतरी म्हटलं. आईला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मलाही कळलं नाही. त्याने तेच परत एकदा, सावकाश केलं. फोन काढून लिहिलं मात्र नाही. फोन त्याच्या हातातच होता, तो त्याने खिशात घातला आणि खाली बसला.

घरी जाताना आम्ही रिक्षा केली. आईच्या डाव्या हाताची पाठ लाल झाली होती. लक्ष्मी रस्त्याच्या सिग्नलला तिने दोन्ही हात वर घेतले आणि आखडलेल्या बोटांनी सुदर्शनची खूण करून बघायला लागली. जमेना, तशी चिडली.

"अंगठा आत होता की बाहेर?" तिने मला दरडावून विचारलं. "तू पहिल्या रांगेत होतीस ना? लक्ष कुठे असतं तुझं?"

"आत होता," मी म्हणाले. "आणि मग हात असा वळला."

मी पर्सवरचे हात उचलले आणि तिच्या तोंडासमोर करून दाखवलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. सिग्नल सुटला तरी तिने 'हात खाली' म्हटलं नाही.